पाटीवरचे आडनाव : बाजाराचे चित्र कोण काढतो?

एड रुशा या अमेरिकन चित्रकाराने १९६६ मध्ये एक पुस्तक काढले. लॉस एंजेलिसमधल्या सनसेट स्ट्रिप या रस्त्यावरची एकूण एक इमारत त्याने गाडीवर कॅमेरा लावून टिपली. रस्त्याची एक बाजू वर आणि दुसरी खाली, असे ते फोटो एकाच लांब पट्टीवर छापले आणि पट्टीला घड्या घातल्या. उलगडली की ती पंचवीस फुटांच्या आसपास भरते. हॉटेले, पेट्रोल पंप, दुकाने, मधले रिकामे प्लॉट, सगळे त्यात आहे. टीका नाही, कौतुकही नाही. त्याआधी चार वर्षे अँडी वॉरहॉलने सूपच्या डब्यांची चित्रे लावून खळबळ उडवली होती. दुकान, जाहिरात, विकायची वस्तू हे कलेचे विषय होऊ शकतात, हे तिकडे या लोकांनी पक्के केले.

अशी पट्टी मोर्शीची केली तर काय दिसेल? अमरावतीकडून येणारा रस्ता गावात शिरतो तिथून सुरू करा आणि वरुडकडे गाव संपते तिथे थांबा. कृषी केंद्र, मोबाइल शॉपी, हार्डवेअर, मोटारसायकलचे शोरूम, कापड दुकान, ऑनलाइन सेवा केंद्र, झेरॉक्स, मंगल कार्यालय, हंगामात संत्र्याच्या पेट्या, आणि सगळ्यांच्या डोक्यावर वाढदिवसाचे फ्लेक्स. पंधरा-वीस वर्षांपूर्वी असे दृश्य पाहायला ठाण्या-कल्याणकडे जावे लागे. आता तालुक्याच्या प्रत्येक गावाची वेस तशीच दिसते. पण मोर्शीच्या पट्टीवर एक गोष्ट रुशाच्या पट्टीपेक्षा ठळक दिसेल, ती म्हणजे आडनावे. आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर मालकाचे आडनाव असते, नाहीतर कुळाचे, देवाचे, गावाचे नाव असते. वाचणाऱ्याला त्यातून मालकाची जात कळते. बाजारातून चालताना आपण सगळेच ती वाचतो, फक्त वाचतो असे म्हणत नाही.

हा लेख त्या पट्टीबद्दल आहे. आमच्या काही तरुण मित्रांना चित्रे, फोटो, लघुपट यांतून आपल्या गावचा बाजार मांडायचा आहे. आर्ट कॉलेजात त्यांना सांगितले जाते की ‘उपभोगवादा’वर काम करा, मॉलवर काम करा. काम जरूर करावे. पण उपभोगाचा इतिहास आपला आणि त्यांचा एक नाही, एवढे आधी समजून घ्यावे.

महाराष्ट्रात या विषयावर चांगले काम झाले आहे, ते आधी सांगू. सुधीर पटवर्धन ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ डॉक्टर होते. दवाखाना सांभाळून त्यांनी अनेक वर्षे ठाणे रंगवले. टेकडीला चिकटलेल्या चाळी, कारखाने, नाले, लोकल, इराणी हॉटेलात बसलेला माणूस. ‘लोअर परळ’ या २००१ च्या चित्रात गिरण्यांची वस्ती आणि तिच्या उरावर चढणारे नवे शहर एकत्र दिसते. पटवर्धनांचा आम्हाला आदर वाटतो, कारण श्रमिकाचे चित्र काढणारा मध्यमवर्गीय चित्रकार नेमका कुठे उभा असतो, हा प्रश्न ते स्वतःलाच विचारत आले. शिवाय आधुनिक चित्रांचे प्रदर्शन मुंबईबाहेर महाराष्ट्रातल्या शहरांत फिरवायचा खटाटोपही त्यांनी केला.

शर्मिला सामंत यांनी कोका-कोलाच्या बाटल्यांची झाकणे जोडून एक अख्खी साडी केली. कोका-कोला १९७७ मध्ये देशातून गेली आणि १९९३ मध्ये परत आली. त्या परतीनंतरच्या दशकात ही साडी झाली, म्हणजे काळ अगदी अचूक पकडला होता. अतुल दोडियांनी दुकानाचे लोखंडी शटरच कॅनव्हास म्हणून वापरले. शटर खाली असताना एक चित्र, वर ढकलले की आत दुसरे. दोडिया घाटकोपरचे. तिथल्या बाजाराची शटरे रोज पाहणाऱ्यालाच हे सुचू शकते.

त्याच घाटकोपरात माता रमाबाई आंबेडकर नगर आहे. ११ जुलै १९९७ रोजी तिथे बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक महामार्गावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी आपले जीवन संपवले. हे आम्ही दोडियांवर ठपका म्हणून लिहीत नाही. प्रत्येक चित्रकाराने प्रत्येक गोष्ट रंगवावी असा कायदा नाही. पण एका उपनगराची शटरे कलादालनात पोहोचतात आणि त्याच उपनगरातला महामार्ग पोहोचायला एका शाहिराचे मरण आणि नंतर एका माहितीपटकाराची चौदा वर्षे लागतात, याची नोंद कलेच्या इतिहासाने करायला हवी.

आता आपल्या इतिहासाकडे येऊ. उपभोगवादावर टीका करणाऱ्या कलेचा एक गृहीत धरलेला प्रेक्षक असतो. त्याच्याकडे वस्तू जास्त झालेल्या असतात, त्या वस्तूंनी त्याचा जीव गुदमरतो आणि कलाकार त्याला आरसा दाखवतो. आपल्या माणसांच्या बाबतीत वस्तू जास्त होणे हा प्रश्न किती पिढ्यांपूर्वी सुरू झाला? आजोबांच्या पिढीपर्यंत तरी प्रश्न उलटा होता. वस्तू परवडत असली तरी वापरू देत नव्हते.

‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या १९३६ च्या भाषणात, जे लाहोरच्या मंडळाने होऊच दिले नाही, बाबासाहेबांनी सुरुवातीलाच काही घटना दिल्या आहेत. आपण ते पुस्तक शास्त्रे आणि वेद यांवरच्या युक्तिवादासाठी वाचतो आणि या घटनांवरून भरभर पुढे जातो. त्या पुन्हा वाचाव्यात, कारण जवळजवळ प्रत्येक घटनेच्या मध्यभागी एक वस्तू आहे. अहमदाबाद जिल्ह्यातल्या झनू गावी नोव्हेंबर १९३५ मध्ये अस्पृश्यांतल्या बऱ्या स्थितीतल्या घरच्या बायका धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या, म्हणून त्यांच्यावर हल्ला झाला. पाण्यावर वाद नव्हता, भांडे मातीचे नाही यावर होता. जयपूर संस्थानातल्या चकवारा गावी तीर्थयात्रा करून आलेल्या एका अस्पृश्याने जातभाईंना तुपातले जेवण घातले, तर लाठ्या घेऊन जमाव आला आणि जेवणावरून माणसांना हाकलून दिले. ज्याने तूप विकत आणले आणि ज्यांनी ते खाल्ले, ते सगळे आपापल्या पैशाचे आणि पोटाचे मालक होते. तरीही तूप हा अपमान ठरला, कारण ते पुढच्या जातीचे खाणे. इंदूरकडच्या बलाई समाजाला तर १९२८ च्या आसपास यादीच बजावली गेली होती. जरीकाठी पागोटे नको, रंगीत किंवा नक्षीच्या काठाचे धोतर नको, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, झुळझुळीत कपडे घालायचे नाहीत.

ही यादी नीट पाहा. आजच्या मोर्शीच्या मेन रोडवरच्या कापड दुकानाची आणि सराफ्याची ती उलटी यादी आहे. दुकानात जे काचेमागे लावलेले असते, ते एका समाजाला हुकमाने मना होते.

महाडला डिसेंबर १९२७ मध्ये मनुस्मृती जाळल्यानंतर बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. लुगडे वरच्या जातीच्या बायका नेसतात तसे नेसा, जात ओळखू येईल अशा गिलटाच्या आणि कथलाच्या दागिन्यांची रास अंगावर वागवू नका, स्वच्छ राहा, असा त्या बोलण्याचा आशय होता. आमच्या आज्यांनी ते ऐकले. फॅशनच्या इतिहासाच्या कोणत्या पुस्तकात हा प्रसंग आहे? नेसण्याची पद्धत एका सभेनंतर बदलते, हा आधुनिक महाराष्ट्राच्या पेहरावाच्या इतिहासातला केवढा मोठा प्रसंग. बाबासाहेबांचा स्वतःचा सूट, टाय आणि पेन यांच्याबद्दलही हेच. ‘साधेपणा सोडला’ असे म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. साधेपणा ज्याला निवडता येतो त्याचा तो गुण. ज्याच्यावर लादला गेला त्याने तो का मिरवावा?

विकत घेण्याची ही गोष्ट झाली. विकण्याच्या बाजूलाही भिंत होतीच. परदेशातून शिकून आल्यावर, सिडनॅम कॉलेजात नोकरी लागण्याआधी, बाबासाहेबांनी मुंबईत शेअर बाजारातल्या व्यवहारांबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय काढला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले आणि तो बंद पडला. कोलंबियात आणि लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाचे दुकान आडनावावर बसले.

आपल्या विदर्भात या गोष्टीला अजून एक पदर आहे. इथले महार बऱ्याच प्रमाणात विणकर होते. जाडेभरडे हातमागाचे कापड विणायचे, आठवडी बाजारात नेऊन विकायचे. म्हणजे बाजारात आपण होतो, आणि माल घेऊन होतो. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, गिरणीचे कापड स्वस्तात येऊ लागले आणि हळूहळू हा माग बसला. विणकराचा मुलगा गिरणीत बदली कामगार झाला, नाहीतर जिनिंग-प्रेसिंगमध्ये हमाल. कपाशीवर वऱ्हाडच्या पेठा उभ्या राहिल्या, अमरावती आणि खामगावची नावे लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांना पाठ झाली. त्या श्रीमंतीचा इतिहास लिहिताना वाडे आणि हवेल्या दाखवतात. बाजारातून बाहेर पडलेला विणकर कुठल्याच चित्रात नाही. त्याचा माग, त्याचे ताणे-बाणे कसे दिसत होते, हे आज आमच्या वस्तीत सांगणारे म्हातारे उरलेले नाहीत.

नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी परिषद भरली, अध्यक्ष बाबासाहेब होते. ती भरली इंद्रभुवन थिएटरात. देऊळ बंद होते, नाटकाच्या घरात सभा झाली. एवढ्यावरून बाजार जातमुक्त असतो असे म्हणणे भाबडेपणा होईल. पण तिकीट काढून बसायची जागा आणि सोवळे नेसून शिरायची जागा यांत फरक आहे, आणि आपल्या लोकांनी तो फरक ओळखून वापरला.

मग आपली स्वतःची बाजारी कला कुठली? तिचेही मूळ छापखान्यात आहे. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, मग श्लायशर या जर्मन माणसाच्या हाती आला आणि देवदेवतांच्या रंगीत तसबिरींबरोबर मालाची लेबले आणि जाहिरातीही छापू लागला. कॅलेंडरवरचा देव आणि साबणाचे लेबल एकाच दगडावर छापले गेले, हा आपल्या बाजारकलेचा उगम. अभिजात कलेवाल्यांनी तिला कायम नाक मुरडले. आपल्याला मात्र या स्वस्त छपाईचे ऋण मानले पाहिजे. बाबासाहेबांचा पुतळा संसदेच्या आवारात १९६७ मध्ये आला, शिल्पकार ब्रह्मेश वाघ. तैलचित्र मध्यवर्ती सभागृहात लागायला १९९० उजाडले. १९५६ नंतरची ही सगळी वर्षे बाबासाहेबांचा चेहरा कोणी जपला? दीक्षाभूमीवर सतरंजी अंथरून बसणाऱ्या फोटोवाल्याने, कॅलेंडरवाल्याने, बिल्लेवाल्याने, चैत्यभूमीबाहेर पुस्तके आणि मूर्ती मांडणाऱ्याने. निळा कोट, हातात संविधान, बोट वर, हे रूप कुठल्या अकादमीने ठरवले नाही. गिऱ्हाइकाने ठरवले. दोन रुपयांत काय घरी न्यायचे हे ज्याला कळत होते, त्या गिऱ्हाइकाने. दीक्षाभूमीवरचा तो बाजार हा आपला सगळ्यात मोठा ‘कमर्शियल लँडस्केप’ आहे आणि त्यावर एकही गंभीर चित्रमालिका आमच्या पाहण्यात नाही.

पेंटर लोकांचेही तसेच. फ्लेक्स येण्याआधी तालुक्याच्या गावात दुकानाची पाटी, ट्रकचा मागचा भाग, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार आणि जयंतीची कमान बहुधा एकच हात रंगवायचा. कोपऱ्यात सही असायची, ‘अमुक आर्ट्स’. अक्षराला सावली देणे, पिवळ्यावर लाल उठवणे हे त्यांचे शास्त्र होते. फ्लेक्सच्या मशीनने तो धंदा काही वर्षांत संपवला. आमच्या वस्त्यांतले असे हात पुढे घरांना रंग देऊ लागले. त्यांनी केलेल्या पाट्या कुठेतरी गंजत असतील, त्या शोधून फोटो काढणे हे आजच करता येण्यासारखे काम आहे.

थोडे आणखी मागे जाऊ. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या सुगंधी मालाच्या व्यापाऱ्याचे दान कोरलेले आहे. तिथलाच सामी नावाचा सुतार दरवाजा केल्याचे सांगतो. कान्हेरीला कल्याण आणि सोपाऱ्याचे व्यापारी आहेत, लोहार आहे. कान्हेरी आज मुंबईच्या उपनगरात येते, हा योगायोगही गमतीचा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या पाट्याच म्हणा. त्यांवर बहुतेक ठिकाणी माणसाचे नाव, गाव आणि धंदा आहे. त्या समाजात विषमता नव्हती असा दावा आम्ही करणार नाही. पण सुताराला आपले नाव आणि आपले काम दगडात कोरून ठेवता येत होते, आणि ते संघाच्या दारावर शोभत होते. व्यापाराबद्दल बौद्ध परंपरेला घृणा नाही. अनाथपिंडिक व्यापारीच होता, आणि जेतवन विकत घेण्यासाठी गाडीतून नाणी उतरवून जमिनीवर अंथरली जातात तो सौदा भारहुतच्या शिल्पात कोरलेला आहे. बंदी आहे ती पाच व्यापारांवर: शस्त्रे, प्राणिमात्र, मांस, मद्य आणि विष.

यातल्या शेवटच्या शब्दापाशी मोर्शीच्या चित्रकाराने थांबावे. आमच्या रस्त्यावर कृषी केंद्रे आहेत. त्यांच्या काचेवर टपोऱ्या बोंडांची आणि हसऱ्या शेतकऱ्याची पोस्टरे असतात, आत फवारणीची औषधे. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. पाठीवर पंप घेऊन दुसऱ्याच्या शेतात फवारणारा मजूर कोणत्या वस्तीतून येतो, हे वऱ्हाडात कोणाला विचारायची गरज नाही. त्या पोस्टरवर मात्र तो कधीच नसतो.

म्हणजे बाजारावर टीका करायचीच नाही का? करायची, आणि ती करायला आपल्याला परदेशी पुस्तके लागत नाहीत. शेंडगावचे गाडगेबाबा याच मातीतले. कर्ज काढून जेवणावळी घालू नका, देवाला कोंबडे-बकरे मारू नका, भांडी मोडा, बायकोला कमी किमतीचे लुगडे घ्या, पण पोराला शाळेत घाला, हे ते उभ्या महाराष्ट्राला सांगत फिरले. ही टीका गरिबाच्या बाजूने केलेली होती. तुझी चैन वाईट असे ती म्हणत नाही, तुझा पैसा सावकाराकडे आणि भटाकडे जातो आहे असे म्हणते. आज तो डीजेवाल्याकडे, फ्लेक्सवाल्याकडे आणि बचत गटाच्या नावाखाली कर्ज वाटणाऱ्या कंपनीकडे जातो. जयंतीच्या मिरवणुकीत स्पीकरच्या भिंती रचणारी आपलीच पोरे आहेत. त्यांना शिव्या देण्याआधी एवढे लक्षात ठेवू की शिर्डीत २०१५ मध्ये एका दलित तरुणाचा खून झाला, तेव्हा वादाचे कारण म्हणून पुढे आले ते मोबाइलवर वाजलेले बाबासाहेबांच्या गाण्याचे रिंगटोन. झनूचे धातूचे भांडे, चकवाराचे तूप, शिर्डीचा मोबाइल. आवाज मोठा करावासा का वाटतो, याचे उत्तर या ओळीत कुठेतरी आहे. आणि तरीही डीजेचा हप्ता चुकीचाच आहे. दोन्ही गोष्टी एकाच चित्रात आल्या तर ते चित्र खरे होईल.

केरी जेम्स मार्शल या कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकाराकडे यासाठी आवर्जून पाहावे. ‘डी स्टाइल’ या १९९३ च्या त्याच्या चित्रात वस्तीतले एक केशकर्तनालय आहे. खुर्ची, आरसे, बाटल्या, आणि अफाट केशरचना केलेली काळीकुळकुळीत माणसे आपल्याकडे सरळ बघताहेत. मोठा, दिमाखदार कॅनव्हास. रुशाच्या पट्टीत माणूस शोधावा लागतो, मार्शलच्या दुकानात माणूस मालकासारखा उभा आहे. आपल्याकडेही प्रभाकर कांबळे यांनी मडक्यांची ‘उतरंड’ रचून २०२२ च्या बर्लिन बिएनालेपर्यंत नेली. बाजारात दहा-वीस रुपयांना मिळणारे मडके आणि जातीची उतरंड यांना एकच शब्द आहे, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. विक्रोळीचे विक्रांत भिसे चळवळीची, मोर्चांची, श्रमाची चित्रे काढतात. आणि शब्दांत तर नामदेव ढसाळांनी १९७२ मध्येच ‘गोलपिठा’त बाजाराचा सगळ्यात अंधारा कोपरा मांडला, ज्याला प्रस्तावना लिहिताना तेंडुलकरांनाही ते जग आपल्याला अनोळखी असल्याचे मान्य करावे लागले.

२००५ च्या आर्थिक गणनेवरून झालेल्या अभ्यासानुसार देशातल्या एकूण उद्योग-व्यवसायांपैकी अनुसूचित जातींच्या मालकीचे ९.८ टक्के होते, लोकसंख्येतला वाटा १६.४ टक्के धरला होता. हा आकडा देशाचा आहे आणि त्यात एका माणसाची टपरीसुद्धा एक उद्योग म्हणून मोजली जाते. मेन रोडवरच्या पक्क्या गाळ्यांचे काय, हे त्यातून कळत नाही. ते मोर्शीत रस्त्यावर उतरूनच पाहावे लागेल.

म्हणून पट्टीचे काम आम्ही असे ठरवले आहे. मोबाइलचा कॅमेरा पुरतो. रविवारी सकाळी, शटर खाली असताना एकदा, आणि बाजाराच्या दिवशी गर्दीत एकदा, दोन्ही बाजूंचे फोटो घ्यायचे. दुकानदाराला विचारून, त्याला चहा पाजून. प्रत्येक पाटी जशी आहे तशी उतरवून घ्यायची: अक्षर, रंग, नाव, पेंटरची सही असल्यास तीही. गाळा मालकीचा की भाड्याचा, किती वर्षांपासून, आधी तिथे काय होते, हे विचारायचे. आणि पाटी नसलेल्या जागा वगळायच्या नाहीत. पोते अंथरून बसलेली भाजीवाली, चपला शिवणारा, दुकान उघडण्याआधी पायरी झाडून जाणारी बाई, नगरपरिषदेची घंटागाडी. त्यांच्याही चौकटी त्याच मापाच्या ठेवायच्या आणि खाली नाव, गाव, धंदा लिहायचा, त्यांनी सांगितला तसा.